चिपाडाने रंग जातो, पण कुठला?

संपादक महाशय,

शाळा-कॉलेजांच्या विज्ञान प्रदर्शनांत 'उसाच्या चिपाडाने पाणी शुद्ध' हा प्रयोग हमखास असतो. चिपाड रसवंतीवर फुकट मिळते, निळे पाणी पाहता पाहता नितळ होते, परीक्षक खूश! कल्पना खोटी नाही. पण रंग म्हणून दरवेळी मिथिलीन ब्लूच घेतात, गोम तिथे आहे. हा रंग धनभारित आणि साध्या पाण्यात चिपाडाचा पृष्ठभाग ऋणभारित, म्हणून तो झटकन चिकटतो. सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र ऋणभारित. कच्च्या चिपाडाकडे ते फारसे फिरकत नाहीत. पीएच २-३ वर आणला तर थोडेफार चिकटतात, पण मग ते आम्लयुक्त पाणी चुन्याने उदासीन करत बसा. तेव्हा निळ्या बाटलीशेजारी कापडाच्या लाल रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचीही एक बाटली मांडावी.

दुसरी चूक धुण्यात होते. चिपाडात साखर उरलेली असते. ती न काढता भुकटी केली तर दुसऱ्या दिवशी पाण्याला आंबूस वास येतो, आणि रंग उतरला तरी सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप) उलट वाढतो. बोटभर तुकडे अर्धा-अर्धा तास उकळावेत, धुवण पिवळे येईनासे होईपर्यंत पाणी बदलावे, कडकडीत उन्हात वाळवून मग मिक्सरमधून काढावेत. भुकटी जाड रव्याइतकी हवी; मैद्यासारखी झाली की काही फडक्यातून निसटते, उरलेली ते तुंबवते. लिटरला ५ ग्रॅम भुकटी आणि तास-दीड तास ढवळणे, इथून सुरुवात करावी. सोबत नुसत्या रंगाची एक बाटली आणि साध्या पाण्यात भुकटी घातलेली एक, अशा दोन हव्यातच. ही शेवटची सहसा कुणी ठेवत नाही. ती पिवळसर दिसली तर धुणे कमी पडले.

याने जंतू मरत नाहीत, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नाव फलकावर नको.

राहिली वापरलेली भुकटी. रंग नष्ट झालेला नसतो, पाण्यातून भुकटीत गेलेला असतो. नाल्यात टाकली तर कान्ह नदीतून थेट क्षिप्रेत. ओल्या कचऱ्यात टाकली तर देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात, आणि तिथल्या गाळाचे पुढे खत होते. ती वाळवून, पिशवीत बांधून, वर रंगाचे नाव लिहून घातक कचऱ्यात द्यावी. आपल्या कचरागाडीत त्याचा कप्पा वेगळा असतोच.

— रसायनशास्त्राचे एक शिक्षक, रामबाग, इंदूर