तो फोटो फर्गेट-मी-नॉटचा नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं घरच्या बागेचं पान मी न चुकता वाचते, कात्रणं काढून ठेवते. गेल्या रविवारी फर्गेट-मी-नॉट या इवल्या निळ्या फुलांच्या झाडावर मजकूर आलेला पाहून फार आनंद झाला. पण सोबतचा फोटो फर्गेट-मी-नॉटचा नाही, एव्हॉल्व्ह्युलस या दुसऱ्याच निळ्या फुलझाडाचा आहे. शिवाय ‘बी जूनमध्ये पेरावं’ हा सल्ला पुण्याला लागू पडत नाही. या दोन्ही चुकांत माझी तीन वर्षं गेली, म्हणून लिहिते आहे.

एका नर्सरीतून मी फर्गेट-मी-नॉट म्हणून रोप आणलं होतं. फुलं निळी, पण दुपारी मिटायची. मधोमध पांढरं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेले तेव्हा एका माळीदादांना त्याची फांदी दाखवली. ते म्हणाले, “ताई, ही आपल्या शंखपुष्पीची बहीण. बारा महिने फुलेल, पण तुम्ही म्हणता ते हे नव्हे.” ते एव्हॉल्व्ह्युलस होतं. खरंच फुलतं ते, उन्हालाही दाद देत नाही. ज्यांना फारशी देखभाल जमत नाही त्यांनी तेच लावावं. फक्त त्याला दुसऱ्याचं नाव देऊ नये.

मग मी फर्गेट-मी-नॉटचं बी आणलं. पाकिटावर पेरणी ‘मे ते जुलै’. ते इंग्लंडचं वेळापत्रक. तिकडे उन्हाळ्यात पेरलेलं रोप थंडीभर तग धरतं आणि पुढच्या वसंतात फुलतं. इथे जुलैच्या झडीत माझी रोपं बोटभरही झाली नव्हती, तोच मातीलगत देठ काळे पडून ट्रेच्या ट्रे आडवा झाला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये पेरून पाहिलं, तर उकाड्यात एकही बी रुजलं नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याला पेरलं. बागेतली माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत समान घेतलं. बी बारीक, काळं, चकचकीत असतं. त्याला रुजायला अंधार लागतो, म्हणून वर मातीचा पातळ थर दिला आणि त्यावर आपल्याच पेपरचं ओलं पान झाकलं. अकराव्या दिवशी कोंब दिसले, पान काढलं. चार-चार पानं आल्यावर आठ इंची कुंडीत तीन-तीन रोपं लावली. माझी गॅलरी कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडे. ऊन साडेदहापर्यंतच, आणि या झाडाला तेवढंच मानवतं. पाणी सकाळी, बुंध्याशी. एकदा संध्याकाळी वरून पाणी घातलं गेलं, तर आठवड्यात पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आली. ती पानं खुडून टाकावी लागली.

जानेवारीच्या शेवटी पहिलं फूल आलं. कळ्यांचा तुरा आधी विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो, आपल्याकडच्या भुरुंडी या रानटी झाडाचा असतो तसा. (दोघी एकाच कुळातल्या, भोकराच्या.) कळी गुलाबी असते. उमलताना ती निळी होते आणि एकाच देठावर दोन्ही रंग दिसतात. फूल नखाएवढंही नाही. मध्ये पिवळं कडं असतं, फूल जुनं झालं की ते पांढरं पडतं. मी रोज चहा घेताना भिंग घेऊन बसत असे. पिवळं कडं, पाच गोल पाकळ्या, उंदराच्या कानासारखं लवदार पान. मायोसोटिस या शास्त्रीय नावाचा ग्रीकमधला अर्थही उंदराचा कान असाच आहे. एवढं पाहिलं की नर्सरीत कुणी फसवू शकत नाही.

मार्चच्या मध्यावर झाडं वाळली. ते दुखणं नाही, पुण्यात त्यांचा हंगामच तेवढा. वाळलेले तुरे कागदावर झटकून बी काढून ठेवलं.

आता पावसाळ्यात कासला जाणाऱ्यांनी तिथली निसुर्डीही पाहावी. फर्गेट-मी-नॉटच्याच कुळातली ही सह्याद्रीतली वनस्पती. पाहावी आणि तिथेच ठेवावी. तिची मुळं गॅलरीतल्या कुंडीसाठी नाहीत.

माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी बरोबर फोटो आणि पुण्याची पेरणीची वेळ छापावी, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतची. बागेच्या प्रत्येक सल्ल्यापुढे आपल्याकडचा महिना असावा. आणि ज्यांनी तो मजकूर वाचून बी आणलं असेल, त्यांनी कृपया पाकीट फोडू नये. झाकणाच्या कोरड्या डबीत घालून, दमट हवा लागणार नाही असं दसऱ्यापर्यंत ठेवावं.

आपली जुनी वाचक,
कोथरूड, पुणे – ३८