सूचना : शनिवारची बैठक, विषय मारुतीराया

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी संध्याकाळी ७ वाजता आपली बैठक आहे. दहावी-बारावीच्या आणि कॉलेजच्या मुलामुलींना आवर्जून सोबत आणा.

मारुती म्हटलं की गदा आणि दंड-बैठका आठवतात. रास्तच आहे, समर्थांनी ११ मारुती स्थापून बलोपासना शिकवली. पण सुंदरकांडातला एक प्रसंग मुलांपर्यंत पोचायलाच हवा. रात्रभर लंका पालथी घालूनही सीता सापडत नाही, तेव्हा हा बलभीमसुद्धा खचतो. रिकाम्या हाताने परत जाण्यापेक्षा जीव दिलेला बरा, इथपर्यंत त्याच्या मनात येतं. मग तो स्वतःला सावरतो. अशोकवन अजून बघायचं राहिलंय, हे त्याच्या लक्षात येतं आणि सीता तिथेच दिसते. निकालानंतर खोलीचं दार लावून बसणाऱ्या मुलाला सांगण्यासारखं याहून चांगलं मला तरी काही सुचत नाही.

मारुतीच्या बोलण्याविषयीही बोलू. पहिल्याच भेटीत राम लक्ष्मणाजवळ त्याच्या शुद्ध भाषेची वाखाणणी करतो.

सुरुवात भीमरूपी स्तोत्राने होईल. पाठ नसेल त्यांनी पुस्तक आणावं. मोठ्यांनी थोडं कमी बोलून मुलांना बोलू द्यावं, ही विनंती.

– सचिव