गीझरच्या स्विचमागची करपलेली वायर : सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : गीझर पॉइंटमागच्या वायरींची तपासणी आणि मीटर रूमची किल्ली

महोदय,

आमच्या गीझरच्या स्विचची प्लेट पिवळी पडली होती आणि गीझर चालू असताना हाताला गरम लागत होती. सोसायटीतर्फे आलेल्या वायरमनने चटकन नवा स्विच बसवून दिला. काही दिवसांतच जळका वास पुन्हा यायला लागला. मग बाहेरच्या परवानाधारक वायरमनकडून बोर्ड उघडून घेतला. आत जे दिसलं ते समितीच्या कानावर घालणं मला गरजेचं वाटतं.

फेजची, म्हणजे वीज आणणारी, वायर स्क्रूपासून बोटभर काळी पडली होती. आवरण हात लावताच टरफलासारखं तुटत होतं. तांब्याच्या तारा काळपट, कडक. नव्या स्विचमध्ये हीच करपलेली टोकं कोंबलेली! असल्या तांब्यावर स्क्रू कितीही आवळला तरी पकड नीट बसत नाही. तेवढ्याच जागी विजेला होणारा रोध वाढतो, जागा तापते आणि तापून-निवून स्क्रू आणखी सैल होतो. नवा स्विचही मग जुन्याच्या वाटेने जातो.

‘एमसीबी आहे ना, मग काळजी कसली?’ असं समितीतल्याच एकांनी मला विचारलं. एमसीबी, म्हणजे आपोआप बंद होणारा सुरक्षा-स्विच, पडतो तो लोड जास्त झाला किंवा शॉर्ट सर्किट झालं तर. 2000 वॉटचा गीझर 230 व्होल्टला साधारण 9 अँपिअर घेतो आणि सैल स्क्रूमधूनही जवळपास तेवढाच करंट जातो, त्यामुळे एमसीबीच्या लेखी सगळं आलबेल. ईएलसीबी या दुसऱ्या सुरक्षा-स्विचला फक्त विजेची गळती कळते. इकडे साध्या पीव्हीसी वायरचं आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्याच तापमानासाठी बनवलेलं असतं. म्हणजे आधी कळतं ते आपल्या नाकाला.

या वायरमनने मेन बंद करून त्यावर ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी लावली. टेस्टर आधी शेजारच्या घरातल्या चालू पॉइंटवर लावून तो पेटतो का ते पाहिलं, मगच बोर्डातली एकेक वायर तपासली. खराब भाग कापत कापत मऊ, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे गेला. वायर आखूड पडली, तेव्हा तुकडा पिळून टेप गुंडाळण्याऐवजी पाइपातून 2.5 चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची वायर ओढली. वेळ लागला, भिंतीला थोडं खरचटलं, पण काम पक्कं झालं. सॉकेटकडची न्यूट्रल, म्हणजे परतीची वायरही उघडून पाहिली, कारण तिच्यातूनही तेवढाच करंट जातो आणि ती बघायचं बहुतेक जण विसरतात. आतला वितळलेला डबा आणि 16 अँपिअरचे स्विच-सॉकेट बदलले, स्क्रू आवळून प्रत्येक वायर ओढून पाहिली. गीझर पूर्ण तापेपर्यंत तो थांबला. प्लेट गार होती.

इमारतीतलं वायरिंग सगळीकडे एकाच वेळी, एकाच हाताने झालेलं आहे. तेव्हा सर्व घरांतले गीझर आणि एसीचे पॉइंट परवानाधारक वायरमनकडून उघडून तपासून घ्यावेत. नुसता स्विच बदलून ‘काम झालं’ अशी सही घेणं बंद व्हावं. वरवरच्या मलमपट्टीचे पैसे सोसायटीने का द्यावेत, हाही प्रश्न आहेच.

दुसरं, मीटर रूमची किल्ली. घरातल्या मेन स्विचचीच वायर तापली असेल, तर वीज खालूनच बंद करावी लागते. आज ती किल्ली सुरक्षारक्षकाकडे नसते आणि रात्री कोणाकडे मागायची हे कोणालाच ठाऊक नाही. एक किल्ली गेटवर, नोंदवहीसह ठेवावी आणि कोणत्या मीटरचा कोणता स्विच, हे ठळक अक्षरांत लिहून घ्यावं.

कापलेले करपलेले तुकडे मी सोसायटीच्या कार्यालयात ठेवले आहेत. येत्या सभेत हा विषय घ्यावा आणि तोवर ज्यांच्या प्लेटा पिवळ्या पडल्यात किंवा स्विचमधून चरचर आवाज येतो त्यांनी तो पॉइंट वापरू नये, अशी सूचना फलकावर आजच लावावी, ही विनंती.

आपला,
एक सभासद