चेन थांबली तर घाबरू नका

दादर, मुंबई
१२ ऑक्टोबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप काल मिळाला. दिवाळीच्या सुट्टीत ओंकारला घेऊन खोपोलीला इमॅजिकाला जायचा बेत पक्का केलास, फार बरं वाटलं. ताईंनी मात्र कुठल्याशा पार्कात रोलर कोस्टरची गाडी चढावर अर्ध्यात थांबल्याचा व्हिडिओ बघितला आणि आता पोराला पाठवायला तयार नाहीत, असं म्हणतोस. त्यांना हे पत्र वाचून दाखव. चढावर गाडी वर ओढून नेणारी एक साखळी असते, तिला चेन म्हणतात. त्या चेनवर थांबलेली गाडी बहुतेक वेळा जिथे थांबायला हवी तिथेच थांबलेली असते. त्यांची समजूत काढायची म्हणून हे लिहीत नाही. यंत्रणा बांधतानाच तशी बांधतात, आणि ती कशी ते कळलं की तिथे रांगेत उभं राहून तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघता येईल.

पहिली गोष्ट, या गाडीला इंजिन नसतं. चेन तिला माथ्यावर नेऊन सोडते आणि पुढचा सगळा खेळ त्या उंचीवर चालतो. इमॅजिकातल्या नायट्रो या मोठ्या कोस्टरचा माथा साधारण ४० मीटर, म्हणजे तेरा मजली इमारतीएवढा. शाळेतलं सूत्र लाव: उंचीला ९.८ ने गुण, दुप्पट कर, वर्गमूळ काढ. तळाशी सेकंदाला २८ मीटर येतात, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. पुन्हा २० मीटर चढली की ताशी सत्तरच्या आसपास. या हिशोबात वजन कुठेच येत नाही. वजनाचा फरक पडतो तो शेवटी: भरलेली गाडी वाऱ्याला आणि घर्षणाला रिकाम्या गाडीइतकी दाद देत नाही, म्हणून शेवटच्या वळणांत ती जास्त जोरात असते.

आता यातून निघणारी खरी अडचण बघ. माथा ओलांडलेली गाडी कुणाच्याच हातात नसते. ऑपरेटरने लाल बटण दाबलं तरी उतारावरची गाडी उतारावर थांबत नाही. तिला थांबवायच्या जागा मोजक्या: स्टेशन, चेन आणि मध्ये-शेवटी ठेवलेले ब्रेकचे पट्टे. म्हणून ट्रॅकचे टप्पे पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. (रविवारचा मेगाब्लॉक नव्हे.) आपल्या लोकलच्या सिग्नलचंच तत्त्व. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी, आणि प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी गाडी थांबवता येईल अशी सोय. म्हणून ब्लॉक जितके, त्यापेक्षा निदान एक गाडी कमी. लोकलला मोटरमन सिग्नल बघून गाडी थांबवतो, इथे मोटरमन नाही. ट्रॅकला लावलेले सेन्सर गाडी कुठे आहे ते कॉम्प्युटरला सांगतात, आणि पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याची खात्री होईपर्यंत कॉम्प्युटर चेनच थांबवतो.

चेन थांबायची कारणं त्यामुळे अगदी किरकोळ असू शकतात. स्टेशनात कुणाचा पट्टा लागेना, एखादं मूल ऐनवेळी रडून उतरलं, की ती गाडी निघायला उशीर. मग मागची ब्रेकवर खोळंबते आणि तिच्यामागची चेनवर. घाटकोपरला लोकल रखडली की मागे मुलुंडपर्यंत रांग लागते, तसंच. सेन्सर नीट बोलला नाही तरी तेच. खात्री नसेल तर थांबायचं, एवढंच त्या कॉम्प्युटरला शिकवलेलं असतं.

आणि ते न ऐकल्यावर काय होतं तेही ताईंना सांग, लपवू नकोस. इंग्लंडमध्ये ऑल्टन टॉवर्स पार्कात स्मायलर नावाचा कोस्टर आहे, नायट्रोसारखाच २०१३ साली सुरू झालेला, चौदा वेळा डोकं खाली करणारा. २ जून २०१५ ला तिथे वारा जोराचा होता. एक रिकामी गाडी चाचणीसाठी सोडली, ती मधल्या खोलगट भागात अडकून राहिली. मागून १६ जण बसलेली गाडी चढावर आली. कॉम्प्युटरने चेन थांबवली, म्हणजे आपलं काम चोख केलं. पण त्या दिवशी ट्रॅकवर एक जादा गाडी चढवलेली आहे, हे तिथल्या तंत्रज्ञांच्या लक्षात आलं नव्हतं. गाड्या मोजल्या तर हिशोब जमल्यासारखा वाटला, कॉम्प्युटर उगाच अडतोय असं समजून त्यांनी ब्लॉकची अडवणूक हाताने रद्द केली आणि गाडी पुढे सोडली. ती थेट रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुण मुलींना एकेक पाय गमवावा लागला, लोक चार तासांहून जास्त वेळ तिथेच अडकले होते. पुढे कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला. चाकं, रूळ, हार्नेस (माणसाला आसनात धरून ठेवणारी खांद्यावरची चौकट), काहीही तुटलं नव्हतं. थांबलेली चेन कुणीतरी घाईने चालू केली, एवढंच झालं. म्हणून मी म्हणतो, चेन थांबवून अर्धा तास तपासत बसणारे लोक दिसले तर त्यांच्यावर ओरडू नका, त्यांचे आभार माना.

ब्रेकचंही असंच उलट्या बाजूने बांधलेलं असतं. आपण समजतो की ब्रेक दाबला की लागतो. कोस्टरवर ब्रेकचे जबडे बहुतेक ठिकाणी स्प्रिंगने मिटलेले असतात आणि हवेच्या दाबाने उघडून धरावे लागतात. वीज गेली, नळीतली हवा गळली, तर ते मिटतात. खोपोलीच्या डोक्यावर बोरघाट आहे, तिथे रेल्वेने हेच केलंय: उतरणाऱ्या गाडीसाठी रूळ बदलणारा सांधा नेहमी कॅच सायडिंगकडे, म्हणजे सुटलेली गाडी अडवायच्या बाजूच्या फाट्याकडे लावलेला, गाडी ठरल्या जागी पूर्ण थांबली तरच मुख्य लाइन मिळते. काही न करता जे होतं ते सुरक्षित हवं. चढावर गाडीखाली खटका असतो, तो दातेरी पट्टीवरून सरकताना टक-टक-टक वाजतो. चेन तुटली तरी गाडी मागे एका दातापलीकडे जाऊ नये म्हणून तो. ओंकारला तो आवाज ऐकायला सांग, भीती अर्धी होईल.

चुंबकाचे ब्रेक असतील तर त्यांना वीज लागतच नाही. धातूची पट्टी चुंबकांच्या फटीतून गेली की तिच्यात प्रवाह फिरतो आणि तोच गाडीला मागे ओढतो. एका मर्यादेपर्यंत वेग जास्त तेवढी ओढ जास्त, पाणी पडलं तरी फरक नाही. मात्र वेग उतरला की ओढही उतरते, त्यामुळे गाडी जागेवर धरून ठेवायला पुढे साधे घासणारे ब्रेक किंवा टायर लागतातच.

उलटं झाल्यावर गाडी पडत का नाही, हे ओंकार विचारणारच. प्रत्येक जागी चाकांचे तीन संच असतात: एक रुळाच्या वर, एक बाजूला, एक खालून. रूळ तिन्हींनी कवटाळलेला असतो. खालच्या चाकांचं पेटंट अमेरिकेत जॉन मिलर यांनी १९१९ साली घेतलं, आणि त्यानंतरच कोस्टर खऱ्या अर्थाने उंच आणि तिखट झाले.

या चाकांवरच सकाळ-संध्याकाळचा फरक अवलंबून असतो. चाकांना पॉलियुरेथेनचा थर असतो. सकाळी तो थर आणि बेअरिंगमधलं ग्रीस थंड असतं, गाडी जड चालते. दिवसभर फेऱ्या झाल्या, उन्हाने रूळ तापले, की तीच गाडी मोकळी सुटते. पहिली फेरी उघडल्या उघडल्या करा, रांग कमी असते आणि ओंकारला सौम्य चव मिळेल. दुसरी संध्याकाळी पाच नंतर. दोन्हींत फरक जाणवला नाही तर मला सांग. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसाची सर आली तर मोठ्या राइड थांबवतात, ते योग्यच आहे. ओल्या रुळावर चाकं कमी अडतात आणि घासणाऱ्या ब्रेकची पकड कमी होते, दोन्ही गोष्टी चुकीच्या दिशेच्या. शंभरच्या वेगात थेंब तोंडावर खड्यासारखे लागतात ते वेगळंच.

जागा कुठली घ्यायची? नायट्रो स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार कंपनीचा, फ्लोअरलेस जातीचा. एका रांगेत चार जण, पायाखाली काही नाही. पुढची रांग घेतली तर समोर फक्त हवा, पण माथ्यावर ती रांग उताराकडे झुकून मागच्या डब्यांची वाट बघत लटकते. शेवटच्या रांगेचं उलट: बाकीची गाडी आधीच खाली सुटलेली असते, त्यामुळे ती माथ्यावरून खेचली जाते आणि तुम्ही आसनातून उचलले जाता. माझ्या मते खरी राइड शेवटच्या रांगेतच आहे. पण पहिल्यांदा बसणाऱ्याला मधली रांग द्या, आणि त्यातही आतल्या दोन जागा. कडेच्या जागा रुळापासून लांब असतात, गाडी स्वतःभोवती फिरते तेव्हा त्यांना झोका जास्त बसतो.

स्टेशनात नीट बघ. गाडी आली की पायाखाली फरशीचे पत्रे वर आलेले असतात आणि समोर फाटक बंद असतं. सगळे बसले, हार्नेस लागले, तपासून झाले, की पत्रे खाली सरकतात, फाटक उघडतं, आणि मगच गाडीला निघायची परवानगी मिळते. हार्नेस खांद्यावरून खाली ओढताना पाठ आणि डोकं आसनाला पूर्ण टेकवून बसायचं, पुढे वाकून नाही. वाकलेल्या अवस्थेत लॉक केलं तर नंतर फट राहते आणि त्या फटीत कान आदळतात. खूप घट्टही नको, श्वास घेता आला पाहिजे. कर्मचारी प्रत्येक हार्नेस हाताने वर ओढून बघतोय का, ते बघ. नुसतं नजरेने बघून अंगठा दाखवत असेल तर मला ते पटत नाही, तू स्वतः ओढून बघ आणि त्याला बोलव. उंचीच्या पट्टीवर ओंकार कमी भरला तर हुज्जत घालू नकोस. तो हार्नेस त्याच्या खांद्यासाठी बांधलेला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

लूप गोल नसतो, थेंबासारखा असतो, हे त्याला खालून दाखव. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पूर्ण गोल लूप बांधला होता, लोकांच्या माना दुखावल्या. गणितच तसं आहे: गोल लूपमध्ये माथ्यावर गाडी जेमतेम टिकावी एवढा वेग ठेवला तरी तळाशी अंगावर सहापट वजन येतं, आणि तेही एकदम. थेंबाच्या आकारात तळाशी वळण मोठं आणि माथ्यावर छोटं, म्हणून भार हळूहळू चढतो. १९७६ साली कॅलिफोर्नियात अँटोन श्वार्झकॉफ आणि वेर्नर श्टेंगेल यांनी तो आकार आणला आणि मग सगळीकडे रुजला. तरीही तळाशी डोळ्यांपुढे क्षणभर करडं दिसू शकतं, रक्त खाली उतरतं म्हणून. तिथे पोट आणि मांड्या आवळायच्या आणि श्वास रोखायचा नाही. सकाळपासून पाणी प्यायलेलं असावं. उपाशी बसू नका आणि मिसळ खाऊन लगेचही नको. पोहे, इडली असं काही खाऊन तासाभराने. चपला, चष्मा, मोबाइल खाली ठेवायचे. शंभरच्या वेगाने सुटलेला मोबाइल खालच्या माणसाला दगडासारखा लागेल. मानेचं, पाठीचं, हृदयाचं दुखणं असेल त्याने बसूच नये, आणि हे तुझ्या मेव्हण्यांना उद्देशून आहे.

डिसेंबरात माहीमच्या जत्रेला जाल तेव्हा हेच डोळे घेऊन जा. आकाशपाळण्याला कॉम्प्युटर नाही, तिथे माणसाची सवयच सगळं काम करते. पाय कशावर टेकलेत ते बघ: रुंद लाकडी ठोकळे हवेत, विटांचे तुकडे नकोत. प्रत्येक पाळण्याच्या खिळीत ती निसटू न देणारी कॉटर पिन हवी, सुतळी किंवा वाकवलेली तार नको. आणि लोक कसे बसवतो ते बघ. जाणता पाळणेवाला एक पाळणा भरला की चाक फिरवून समोरचा भरतो. ओळीने भरत सुटला तर एका बाजूला वजन येतं, चाक झोक्याने फिरतं आणि ब्रेक घसरतो. तसं दिसलं तर ओंकारला भेळ घेऊन दे आणि पुढे चला.

शेवटी ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. चेन थांबली आणि लवकर सुरू झाली नाही तर हार्नेस स्वतः उघडायचा प्रयत्न करायचा नाही. चढाच्या बाजूने लोखंडी पायऱ्या आणि कठडा असतो. कर्मचारी वर येतात, एकेक रांग हाताने सोडवतात आणि कठडा धरून खाली आणतात. हाका मारून दोघांनी एकदम उठायचं नाही, नंबर येईपर्यंत बसून राहायचं. चपला खाली राहिलेल्या असतील आणि दुपारी ते लोखंड तापतं, म्हणून मोजे घालून जा.

खोपोली लोकल मोजक्याच आहेत, कर्जतला तासभर बसण्यापेक्षा आधी वेळापत्रक बघ. ओंकारने कुठली रांग पकडली ते कळव. ताईंना नमस्कार.

तुझा,
मंदार