पनुवानौल्याच्या मास्टरजींना

मास्टरजी, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं चारचौघांत लिहावं लागतंय. आधी हिंदीत लिहायला बसलो, पण जमेना. उत्तराखंडात अल्मोड्याकडे कुणी जाणारं असेल तर एवढा निरोप पोचवा: निवृत्त शिक्षक, तपकिरी लोकरी टोपी, उजव्या कानानं जरा कमी ऐकू येतं.

मी तो ऑगस्टातला मराठा फौजी. पिथौरागढच्या जोडीदाराला भेटून परतत होतो आणि पुढे दरड कोसळली. तुम्ही घरी नेलंत. बिनसाखरेचा चहा दिलात आणि तळहातावर गुळाचा खडा. मी तो सरळ कपात टाकला, तर तुमच्या मंडळी पदराआड हसल्या. कटकी, म्हणजे तो गुळाचा खडा, दाताखाली धरून वरून चहा प्यायचा, हे आम्हा साताऱ्याकडच्यांना काय माहीत!

रात्री दोनला मी बाहेर पायरीवर बसलेला तुम्हाला दिसलो. तुम्ही काही विचारलं नाहीत, शाल आणून दिलीत. सकाळी म्हणालात, "चला, तुमच्यातलाच एक जण दाखवतो."

मिर्तोल्याच्या आश्रमाच्या वाटेवर तुम्ही रोनाल्ड निक्सनची गोष्ट सांगितलीत. जन्म 1898 चा, विशी ओलांडायच्या आत ब्रिटिश लढाऊ वैमानिक, पहिलं महायुद्ध. शत्रूच्या विमानांतून एकदा आपण वाचलो ते आपल्या करामतीनं नव्हे, कुठल्याशा अगम्य शक्तीनं, असं तो मानायचा. मग केंब्रिज, आणि 1921 मध्ये लखनौ विद्यापीठात इंग्रजीची मास्तरकी. गुरू भेटल्या त्या कुलगुरू चक्रवर्तींच्या पत्नी, मोनिकादेवी. पाहुण्यारावळ्यांनी भरलेल्या घराची यजमानीण! 1928 मध्ये त्या वैष्णव वैरागिणी झाल्या, यशोदामाई झाल्या, आणि निक्सनचा कृष्णप्रेम केला. दोनच वर्षांनी हा आश्रम उभा राहिला, उत्तर वृंदावन.

"लढाईला भिऊन पळाला असेल," मी म्हणालो. बोलत होतो स्वतःबद्दल. तुम्हाला ते कळलं असावं.

तुम्ही थांबलात, काठी टेकवलीत. "पळपुटा माणूस सोवळ्याओवळ्याचे एवढे नियम गळ्यात बांधून घेईल? हा गोरा आमच्या पंडितांपेक्षा कडक होता. माई 1944 ला गेल्या, तरी तो इथलाच राहिला. 1965 पर्यंत."

राधाकृष्णासमोर मी नुसता उभा होतो. माईंच्या समाधीपाशी मात्र बसकण मारली आणि पंधरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते तुम्हाला सांगितलं. तुमच्या ऐकू न येणाऱ्या बाजूला बसून. तुम्ही मान वळवली नाहीत. मास्टरजी, खरं सांगा, ऐकलं होतंत ना?

एक गंमत सांगायची राहिली. पुण्यात मॉडेल कॉलनीत मी रात्रपाळीला वॉचमन आहे. तिथलं हरिकृष्ण मंदिर गायक दिलीपकुमार रॉय आणि त्यांच्या शिष्या इंदिरादेवींचं. आणि हे दिलीपकुमार म्हणजे कृष्णप्रेमांचे जिवलग मित्र! दोन वर्षं मी त्या रस्त्यानं सायकल मारतोय आणि पत्ता नाही. आता ड्यूटी सुटली की आत जाऊन बसतो थोडा वेळ.

सुट्टीच्या दिवशी दोनला जाग अजून येते. पण हल्ली उठून चहा टाकतो, बिनसाखरेचा.

तुमचा पत्ता कळवा. कोल्हापुरी गुळाची एक ढेप पाठवायची आहे, कटकीला चालते का बघा.

तुमचा,
मराठा फौजी