जुनी हायब्रिड घेताना आधी पाणी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात आता हायब्रिडही, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरी आणि मोटरची जोड असलेल्या गाड्या, दिसू लागल्या आहेत. 2022 साली आलेल्या ग्रँड विटारा, हायरायडर आणि हायब्रिड होंडा सिटीचे पहिले मालक गाड्या बदलत आहेत. गिऱ्हाईक विचारतं ते एकच, ‘ॲव्हरेज किती?’ खरं तर हा प्रश्न शेवटचा. पहिला असा, की ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा ही गाडी कुठे उभी होती?

साध्या पेट्रोल गाडीत पाणी शिरलं तर सीट, वायरिंग आणि फार तर इंजिनाचा खर्च येतो. हायब्रिडची मोठी बॅटरी असते डिकीच्या तळाशी किंवा सीटखाली, म्हणजे पाणी पोचतं त्याच उंचीवर. हायरायडरमध्ये ती पावणेदोनशे व्होल्टच्या पुढची आहे. पाणी ओसरल्यावर गाडी धुऊन, सुकवून चालूही होते. पण सेल जोडणाऱ्या पट्ट्यांवर आणि कनेक्टरवर हिरवट गंज धरत जातो, इन्शुलेशन उतरतं आणि पुढच्या दमट पावसाळ्यात डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टीमचा इशारा लागतो. बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर तेव्हा बहुधा पी0एए6 हा इन्शुलेशन बिघडल्याचा कोड दिसतो.

म्हणून डिकीचं कार्पेट पूर्ण उचला, कोपऱ्यात बारीक वाळलेला गाळ आहे का बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते आणि धुणाऱ्याचा हात तिथे सहसा पोचत नाही. सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेत का तेही तपासा. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबल मात्र नुसत्या डोळ्यांनी पाहायच्या, हात लावायचा नाही.

विम्याचे कागदही बोलतात. ऑक्टोबर 2022 मध्ये घेतलेल्या गाडीचा एकही क्लेम नसेल तर 2024 च्या नूतनीकरणात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, 25 टक्के हवा. तिथे शून्य असेल तर कारण विचारा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे मधे मालक बदलला असेल, किंवा बोनस वाचवणारं जादा कव्हर घेतलेलं असेल, तर या आकड्यावर विसंबू नका.

आता बॅटरी. टोयोटा, मारुती आणि होंडाच्या या गाड्यांच्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किमी, यांपैकी आधी येईल तोपर्यंत वॉरंटी आहे. ती पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजतात. पुराच्या पाण्याने झालेलं नुकसान त्यात बसत नाही. चेसिस नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसचा इतिहास आणि बॅटरीचा छापील रिपोर्ट घ्या. विक्रेता ‘कशाला पाहिजे’ म्हणाला, की तिथूनच परतायचं. स्कॅन करताना ‘कोड पुसल्यापासून किती किलोमीटर’ हा आकडा आवर्जून पाहा. तो वीस-तीस असेल तर गाडी दाखवायच्या आधी कोणी तरी इशारे पुसले असावेत.

गाडी थंड असतानाच चालवायला मागा. मग इंजिन तापल्यावर एसी लावून उभी ठेवली तर चार्ज पुरेसा असताना इंजिन काही मिनिटं तरी बंद राहायला हवं. चार्जची पट्टी भराभर उतरून तितक्याच भराभर चढत असेल, तर बॅटरीची क्षमता गेलेली आहे. बॅटरीचा पंखा सतत घोंघावत असेल तर आधी हवा आत घेणारी जाळी बघा. तिची जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. कुत्र्याचे केस आणि धूळ यांनी ती बुजते, बॅटरी तापते आणि आपल्याकडच्या मे महिन्यात लवकर म्हातारी होते. ब्रेकचं मात्र उलटं आहे. बराच वेग मोटरच उतरवत असल्याने पॅड कमी झिजतात, पण पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना न वापरल्याने जाम होतात.

आणखी एक फसगत. ग्रँड विटारा आणि हायरायडर माइल्ड आणि स्ट्राँग अशा दोन्ही प्रकारांत येतात. माइल्ड हायब्रिड नुसत्या विजेवर धावत नाही, तरी जाहिरातीत दोघींना ‘हायब्रिड’च म्हणतात. हाताने गिअर टाकावे लागत असतील तर ती माइल्डच. जुन्या सियाझ, अर्टिगाचंही तेच.

पैशांचं गणित घरीच मांडा. रावपुरा-मांडवीच्या गर्दीत चांगली हायब्रिड लिटरला 22 किमी आणि साधी ऑटोमॅटिक 13 किमी देते असं धरू. वर्षाला 10,000 किमी चालवलं तर सुमारे 315 लिटर वाचतात. 95 रुपये दर धरला तर जवळपास 30,000 रुपये. साध्या गाडीपेक्षा दीड लाख जास्त मोजले तर वसुलीला पाच वर्षं लागतात, तीन लाख मोजले तर दहा, म्हणजे तोवर वॉरंटीही सरते. रोज अहमदाबाद एक्स्प्रेसवेने जाणाऱ्याचं हे गणित आणखी बिघडतं, कारण 100 च्या वेगाला इंजिन बहुतेक चालूच असतं.

परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि गुजरातचा कर हिशेबात धरा. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवरून बँकेचं नाव उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

आपले,
दोन वाहन तंत्रज्ञ
दांडिया बाजार, बडोदे