पेटीत लिनक्स आहे, पण चावी कोणाकडं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात हल्ली स्मार्ट शेती, मोबाईलवरून ड्रीप, ऑटोमेशन असल्या बातम्या भरपूर येऊन राह्यल्या, फोटोत नवीकोरी पेटी आणि शेजारी हसणारा शेतकरी. चांगलंच आहे. पण ती पेटी चार वर्षांनी कुठं असते ते कोणी छापत नाही, ती माझ्याकडं असते. मी फैजपूरला मोटर रिवाइंडिंग आणि स्टार्टर दुरुस्तीचं दुकान चालवतो, डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा झालाय पण पोट भरतं तांब्याच्या तारेवर.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी, म्हणजे कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही त्या वेळेला, तापीकाठचे एक आबा खताच्या रिकाम्या गोणीत पांढरी पेटी घालून आले. "भो, हे डबडं चालतं का बघ, नाहीतर भंगारात देतो." ड्रीपचा ऑटोमेशन कंट्रोलर होता, १४ व्हॉल्वचा, घेताना चांगले पाच आकडी पैसे मोजलेले. पेटीला बिघाड काहीच नव्हता हो! झालं असं की कंपनीनं सर्व्हर बंद केला, ॲप लॉगिन घेईना, आणि पाणी द्यायची वेळ बदलायची सोय फक्त ॲपमध्ये, पेटीवर बटण म्हणून एक नाही. हिवाळ्यात लावलेला टायमिंग तसाच पेटीत बसलेला, इकडं थ्री फेजची पाळी दिवसाची रात्री झाली, म्हणजे पेटी दुपारी लाईट नसताना व्हॉल्व उघडते आणि रात्री लाईट येते तेव्हा गप्प बसते. केळीची मृगबाग निसवायला आलेली, ४५ डिग्रीचं ऊन, आणि आबा न् त्यांचा सालदार रात्रभर बॅटरी घेऊन एकेका व्हॉल्वचा स्क्रू हाताने फिरवून राह्यले. यालाच ऑटोमेशन म्हणायचं.

मी पेटी उघडली. बोर्डावर चार मोकळ्या पिना दिसल्या, लॅपटॉपला जोडायची यूएसबीची टीटीएल वायर लावली, बॉड रेट (दोघांच्या बोलण्याचा वेग) ११५२०० ठेवला आणि पॉवर दिली, तर लॅपटॉपवर सरसर ओळी धावायला लागल्या, स्टार्टिंग कर्नेल, मग लिनक्स ३.१० (पेटी चालवणारी मूळ सिस्टीम), मग बिझीबॉक्स (तिच्या छोट्या हत्यारांचा संच), आणि शेवटी लॉगिनपाशी येऊन पासवर्ड मागत थांबलं. आबा म्हणाले, "काय म्हणतंय?" म्हटलं, आबा, आत फुकटचं सॉफ्टवेअर आहे, कुलूप मात्र कंपनीचं आहे.

माझं सगळं पत्र त्या एका वाक्यावर आहे. लिनक्स हे १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या पोरानं सुरू केलं, ते जीपीएल लायसन्सवर मिळतं. त्याची अट सरळ आहे, वापरा, बदला, विका, पण ज्याला विकाल त्याला सोर्स कोड (प्रोग्रामची मूळ लिहिलेली प्रत) पण द्या, नाहीतर किमान ३ वर्षं मागेल त्याला देऊ असं लेखी द्या. आबांच्या पेटीबरोबर आलेल्या पुस्तिकेत गॅरंटी कार्ड होतं, या लेखी हमीची एक ओळ नव्हती. मी कंपनीला तीनदा मेल केला, दोनला उत्तर नाही आणि तिसरा परत आला. आणि समजा त्यांनी दिला असता तरी जीपीएलमध्ये लिनक्स आणि बिझीबॉक्सचाच कोड आला असता, व्हॉल्व कधी उघडायचा ते ठरवणारा प्रोग्राम कंपनीचा स्वतःचा, तो देणं त्यांच्यावर बंधनकारकच नाही.

आता कोणी म्हणेल, व्हॉल्व उघडायला लिनक्स लागतंच कशाला. बरोबर आहे, मलाही तेच वाटतं. अशा उपकरणात जी सिस्टीम लागते तिला रिअल टाइम म्हणतात, आणि लोकांना वाटतं रिअल टाइम म्हणजे फास्ट. तसं नाही, रिअल टाइम म्हणजे वेळेचा पक्का. ड्रीपमध्ये दुसरा व्हॉल्व उघडल्यावरच पहिला बंद करायचा असतो, उलटं झालं आणि मोटर चालू राहिली तर पाइपाचा जोड उडतो, तिथं एक-दोन सेकंदाचा खेळ आहे. सोलर पंपाच्या ड्राइव्हमध्ये तोच खेळ मायक्रोसेकंदाचा होतो, चुकला की आतला आयजीबीटी (वीज चालू-बंद करणारा स्विच) फुटला, हजारोंचा चुराडा. साधं लिनक्स हजार कामं सांभाळतं पण अमुक काम अमुक क्षणी करीनच अशी हमी देत नव्हतं, त्यासाठी प्रीएम्प्ट आरटी नावाचं काम जवळपास वीस वर्षं बाहेरून जोडावं लागायचं, ते सप्टेंबर २०२४ मध्ये मूळ लिनक्समध्ये गेलं आणि नोव्हेंबरच्या ६.१२ व्हर्जनमध्ये आलं. मंगळावर २०२१ साली जे छोटं हेलिकॉप्टर उडालं त्यातपण लिनक्सच होतं (अर्थात मंगळावर चाललं म्हणून शिवारात चालेलच असं नाही, तिकडं उंदीर वायर कुरतडत नाहीत). पण व्हॉल्वच्या पेटीला फ्रीआरटीओएससारखी चिमुकली सिस्टीम पुरते, रिचर्ड बॅरी या माणसानं २००३ मध्ये काढलेली, २०१७ पासून ॲमेझॉनकडं आहे, दहाएक केबीत बसते. ईएसपी३२ ची चिप घेतली की ती सोबतच येते.

मग मी आबांना तेच करून दिलं. ईएसपी३२, रिले बोर्ड, घड्याळाची चिप, छोटा डिस्प्ले, चार बटणं, आणि मेसेजसाठी जीएसएम मोड्यूल. आठ दिवस छान चाललं आणि नवव्या रात्री आबांचा फोन, पेटी आपोआप बंद-चालू होऊन राह्यली. दोन रात्री मी त्यांच्या मळ्यात खाटेवर लॅपटॉप घेऊन बसलो, भरीत-भाकरी खाल्ली, डास मारले. घड्याळ आणि डिस्प्ले तारांच्या एकाच जोडीवर होते, डिस्प्लेचं काम सगळ्यात कमी महत्त्वाचं, ते तारा धरून बसायचं, तेवढ्यात थ्री फेज येऊन जीएसएमचे मेसेज सुरू झाले की मधल्या महत्त्वाचं ते काम मध्येच घुसायचं, डिस्प्लेला तारा सोडायला वेळच मिळायचा नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं व्हॉल्वचं काम घड्याळ वाचायला दारात ताटकळत. शेवटी वॉचडॉगला (पेटी अडकली का ते बघणारा राखणदार) वाटायचं पेटी मेली, तो रीसेट मारायचा.

याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात आणि नेमका हाच आजार १९९७ साली नासाच्या पाथफाइंडर यानाला मंगळावर जडला होता, हवामानाचं हलकं काम अडून बसलेलं, मधलं काम त्याला चालू देईना, वरचं काम वाट बघतंय आणि यान सारखं रीसेट होतंय. त्यांनी पृथ्वीवरच्या तशाच मशीनवर तो बिघाड करून बघितला आणि एक सेटिंग इथूनच चालू करून यान दुरुस्त केलं. त्यात व्हीएक्सवर्क्स नावाची रिअल टाइम सिस्टीम होती, ती काही ओपन सोर्स नाही, पण दुरुस्त करणाऱ्यांच्या हातात आत शिरायची वाट होती. माझी चूकपण तसलीच, तारा एका वेळी एकालाच मिळाव्यात म्हणून मी सेमाफोर नावाचं कुलूप वापरलं होतं, फ्रीआरटीओएसमध्ये त्याला प्रायॉरिटी इनहेरिटन्स (अडवून बसलेल्या हलक्या कामाला तेवढ्यापुरतं वरचं महत्त्व देणं) नसतो, म्युटेक्स नावाच्या दुसऱ्या कुलपाला असतो. एक ओळ बदलली, पेटी गपगुमान चालू लागली. कोटी कोटी किलोमीटरवरचं यान दुरुस्त होतं आणि आबांची कंपनीची पेटी तापीकाठी हातात असून होत नाही, हे मला पटत नाही साहेब.

आता एक गोम सांगतो जी दुकानदार सांगत नाहीत. पत्रकावर ओपन सोर्स टेक्नॉलॉजी असं छापलेलं बघून फसू नका. फ्रीआरटीओएस एमआयटी लायसन्सवर आहे आणि झेफायर नावाची तसलीच दुसरी सिस्टीम अपाचे लायसन्सवर, दोन्हीत कंपनीनं कोड घेतला, बदलला, कुलूप लावून विकला तरी तुम्हाला सोर्स देणं लागत नाही. कायद्यानं त्यांचं काही चुकत नाही. म्हणून आत कोणती सिस्टीम आहे यावर शेतकऱ्याचा हक्क ठरत नाही, खरेदीच्या अटीत काय लिहिलंय त्यावर ठरतो.

ठिबकला सबसिडी आहे, सोलर पंपाला आहे, म्हणजे पैसा सरकारचा पण असतो. केंद्र सरकारनं २०१५ मध्येच ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरण काढलंय, पण ते सरकारी कामकाजाच्या सिस्टीमपुरतं, बांधावरच्या पेटीपर्यंत ते पोचलंच नाही. माझं म्हणणं एवढंच की अनुदानाच्या यादीत नाव पाहिजे असेल तर कंपनीनं पेटीचा पूर्ण सोर्स, सर्किट आणि पासवर्ड कृषी विद्यापीठाकडं सीलबंद ठेवावा, धंदा चालू आहे तोवर कोणी बघू नये, ज्या दिवशी सर्व्हर बंद होईल त्या दिवशी सील फोडून खुला करावा. आणि पेटीवर हाताने चालवायची बटणं सक्तीची करावीत, याला तर सॉफ्टवेअरपण लागत नाही.

घाई का, तर आबांच्या पेटीतलं ३.१० हे २०१३ सालचं लिनक्स. जुन्या ३२ बिटच्या सिस्टीममधलं सेकंद मोजणारं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतं आणि पुढच्या सेकंदाला उलटून १९०१ सालात जातं. लिनक्सवाल्यांनी ३२ बिटसाठीचा इलाज २०२० च्या ५.६ मध्ये पुरा केला, पण तो पेटीत घालणार कोण? सोलरचं पॅनल तर २५ वर्षं टिकतं म्हणून विकतात.

आबांची जुनी पेटी माझ्या दुकानात फळीवर ठेवलीय, अजून पासवर्ड मागते. कृषी खात्यातल्या कोणा साहेबांना बघायची असेल तर या, दुकान सकाळी ९ ला उघडतं, दुपारी १ ते ४ उन्हामुळं बंद.

आपला,
एक स्टार्टर दुरुस्तीवाला, फैजपूर